हाक मारून बघायची

सुट्टीच्या दिवशी, शिरोलीच्या फौंड्रीत,
भट्टी थंड पडलेली असताना
आवटी शेठ म्हणाले, तिन्ही मशीनवरचं ते काढा.
मुळासकट.
ते म्हणजे मगदूमनं बसवलेलं पॅकेज मॅनेजर.
तेजपाल मगदूम कोइमतूरला गेला, फौंड्रीतनं फौंड्रीतच,
आणि ऑडिटवाल्याला यादीत नको होतं
गेलेल्या माणसाचं काही.

पहिलं टेबल लिनक्सचं. तिथं सोपं.
एक ओळ, पासवर्ड, होकाराचं एक अक्षर.
नुसतं रिमूव्ह म्हटलं तर सामान जातं
आणि सवयी राहतात, सेटिंगच्या फायलींत.
पर्ज म्हणावं लागतं.
मग ते विचारतं,
याच्या मागोमाग आलेली ही एकेचाळीस
आता कुणाच्याच कामाची दिसत नाहीत,
तीही काढू?
मी चहा प्यायला गेले.
आल्यावर हो म्हटलं.

दुसरं मॅक, शेठच्या लेकीनं डिझाइनला घेतलेलं.
सगळं एकाच फोल्डरात निघालं म्हणून बरं वाटलं.
फोल्डर गेला तेव्हा दिसायला लागले दुवे:
नाव तेच, बाण तसाच,
बाणाच्या टोकाला काही नाही.
दसरा चौकात पाटी असावी 'स्टँडकडे'
आणि रात्रीत स्टँडच उचलून नेलेला.
टिंबानं सुरू होणारी नावं तर दिसतही नाहीत,
दाखव म्हणून सांगावं लागतं.
त्यातल्या एका फायलीत, तळाला, त्याची ओळ होती:
शिकलगार मॅडम, हे पुसू नका, रस्ता इथनं जातो.
पुसलं.

तिसरं विंडोज, वजनकाट्याशेजारचं.
त्याच्या मागच्या भिंतीवर
तीनदा रंग देऊनही पुराची रेघ वर येते.
कंट्रोल पॅनेल म्हणालं, काढलं.
रजिस्ट्री म्हणाली, कुठं?
नावानं शोधलं तर सतरा ठिकाणी सापडलं,
बेदाण्यात देठं सापडावीत तसं.
एक नोंद चुकून जास्तीची उडाली
तर मशीन सकाळी उठायचं नाही,
म्हणून आधी सगळ्याची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली.
म्हणजे मुळासकट काढायचं म्हणून
मूळ पर्समध्ये घातलं.

सात वाजले.
पुरतं निघालं की नाही हे कळायला
त्यालाच हाक मारून बघायची असते.
नाव टाइप केलं, एंटर.
कमांड सापडली नाही.
दुसऱ्यावर. सापडली नाही.
तिसऱ्यानं जरा वेळ घेतला आणि तेच सांगितलं
लांबलचक वाक्यात, लाल अक्षरांत.
एवढ्या एका कामात
ओ न येणं म्हणजे फत्ते.

बाहेर दौलतमामा, फेटलिंगचे, ओव्हरटाइमला आलेले.
"काय केलासा म्हणायचं दिवसभर?"
काढलं एक.
"निघालं?"
निघालं.
मामांनी हातातलं कास्टिंग उलटं करून दाखवलं.
रायझर तोडलेली जागा
घासून घासून गुळगुळीत,
तरी दिव्याखाली धरली की वेगळी चमकत होती.
"गिऱ्हाईक एवढं बघत न्हाई," म्हणाले,
आणि पुढचं उचललं.

दुसऱ्या दिवशी आठ दहाला फोन.
मॅडम, वजनाची शीट उघडंना झालीया.
ती शीट पहिल्या टेबलावरनं चालायची.
त्या एकेचाळीसांतलंच कोणतरी
मुकाट्यानं रोज बेरजा करत होतं.
मी केएमटीत, तावडे हॉटेलच्या अलीकडं, उभी.
आलेच, म्हटलं.
पर्स चाचपली. पेनड्राइव्ह होता,
पण त्यात तिसऱ्या टेबलाचं मूळ,
पहिल्याचं नाही.

कोइमतूरचा नंबर तेवढा
फोनमधनं काढायचा राहिला होता.